एका वर्षाची रजा : विद्यार्थी विनोबांचे वाईतील दिवस

आचार्य विनोबा भावे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भूदानासाठी गावोगाव चालणारे वृद्ध पदयात्री येतात, किंवा पवनारच्या धाम नदीकाठी ध्यानमग्न बसलेले ऋषी येतात. पण या दोन्ही रूपांच्या मागे एक तरुण विद्यार्थी उभा आहे. अंगात सदरा नाही, डोक्यावर टोपी नाही, काखेत पुस्तके आणि पायांत न थकणारी चाल. वय २१-२२. आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन तो शास्त्रे शिकायला बाहेर पडला आहे. त्याच्यावर देखरेख करणारे कोणी नाही. आश्रमाचे नियम पाळले काय आणि न पाळले काय, विचारणारेही कोणी नाही. साधकाची खरी परीक्षा अशाच काळात होते. विनोबांनी ती कशी दिली, ते पाहणे आपल्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे.

घरातील संस्कार

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास होते. त्यांची वृत्ती शास्त्रीय, शिस्तीची आणि नेटकेपणाची. आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी. वडिलांकडून हिशोबीपणा आणि आईकडून भाव, असे दुहेरी धन विनायकाला लहानपणीच मिळाले. दहाव्या वर्षीच त्याने ब्रह्मचर्याचा आणि देशसेवेचा संकल्प केला होता.

शाळेत वडिलांच्या इच्छेनुसार त्याने फ्रेंच भाषा घेतली. संस्कृत मात्र घरी, आपल्या आपण शिकणे सुरू झाले, कारण गीतेची ओढ लागली होती. आईलाही गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते आणि तेव्हाची मराठी भाषांतरे तिला कठीण वाटत. मग तूच सोपी गीता का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला सुचवले. कॉलेजात जाणाऱ्या मुलावर आईने टाकलेला तो विश्वास होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण वाईच्या वर्षाचे फळ पुढे येथेच लागणार आहे.

कॉलेजच्या शिक्षणात विनायकाचे मन रमले नाही. एके दिवशी त्याने आईच्या चुलीपाशी बसून आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली. पुढेमागे उपयोगी पडतील, ही आईची व्यवहारी सूचना. पण ज्याला नोकरी करायचीच नाही, त्याला परतीची वाट उघडी ठेवणे नको होते.

काशीची दोन महिन्यांची शाळा

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला. पण सुरतेला उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. परीक्षेऐवजी आपण दुसरीकडे जात आहोत, हातून कोणतेही अनुचित कर्म होणार नाही याची खात्री बाळगावी, एवढे त्याने वडिलांना कळवले. मनात दोन ओढी होत्या : शांतीसाठी हिमालय आणि देशासाठी बंगालचे क्रांतिकारक. काशी या दोन्ही वाटांवर होती.

काशीत दुपारचे जेवण अन्नछत्रात होई. तेथे दोन पैसे दक्षिणाही मिळे. एका पैशाचे दही आणि एका पैशाची रताळी, हे रात्रीचे अन्न. दिवसाचा मोठा भाग ग्रंथालयात संस्कृत धर्मग्रंथ वाचण्यात जाई. संस्कृत शिकायला बारा वर्षे लागतील असे एका पंडिताने सांगितले, तेव्हा आपल्यापाशी दोन महिनेच आहेत, असे या विद्यार्थ्याने कळवले. त्यात उद्धटपणा नव्हता. हाती असलेला वेळ मोजून पूर्ण वापरायचा, हा त्याचा स्वभावच होता.

थोड्या खर्चासाठी एका शाळेत त्याने इंग्रजी शिकवले आणि पगार मागितला महिना दोन रुपये. जेवण अन्नछत्रात मिळत असल्याने गरजच तेवढी होती.

काशीतला एक लहान प्रसंग त्याचा स्वभाव दाखवतो. खोलीसाठी कुलूप विकत घेतले तेव्हा दुकानदाराने वाजवी किमतीपेक्षा कितीतरी अधिक पैसे सांगितले. विनायकाने घासाघीस केली नाही, भांडणही केले नाही. किंमत जास्त आहे हे शांतपणे सांगितले आणि मागितले तेवढे पैसे देऊन तो निघून गेला. काही दिवसांनी त्या दुकानदाराने त्याला बोलावून घेतले आणि पैसे परत केले. समोरच्यावर विश्वास टाकला की त्याच्यातले सत्य जागे होते, हा धडा पुढे भूदानात लाखो एकरांच्या मापाने उपयोगी पडला. त्याची सुरुवात अशी एका कुलपापासून झालेली दिसते.

काशीने दुःखही दाखवले. बरोबर आलेल्या मित्रांपैकी एक जण तेथेच आजारी पडून वारला. परक्या गावात, गंगेच्या काठी, विनायकाने स्वतः त्याला अग्नी दिला.

हिमालय राहिला, बंगालही राहिला

४ फेब्रुवारी १९१६ रोजी बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेले भाषण काशीत अजून गाजत होते. राजेमहाराजांच्या दागिन्यांवर आणि हिंसेच्या मार्गावर त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले होते. ते वाचून विनायकाने त्यांना पत्राने शंका विचारल्या. उत्तर आले. पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. शेवटी गांधीजींनी सुचवले की असे प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, ते जगून सोडवावे लागतात, म्हणून आश्रमात यावे.

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची पहिली भेट झाली. गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी या नव्या पाहुण्याच्या हातीही सुरी दिली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही एकाच माणसापाशी आहेत, असे विनोबांना तेथे वाटले. पुढे कोणत्याही वाटेने जायची गरज उरली नाही. आश्रमात त्यांना विनोबा हे नाव मिळाले आणि तेच कायमचे झाले.

वाईची ओढ

आश्रमात दळणे, पाणी भरणे, विणणे, सफाई ही कामे ते जीव ओतून करीत. मग अशा सुखाच्या ठिकाणाहून रजा का घ्यावी? कारणे दोन होती. एक, प्रकृती खालावली होती. दुसरे, उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे गुरूपाशी बसून शिकायची इच्छा मनात शिल्लक होती. कृष्णाकाठच्या वाई गावी नारायणशास्त्री मराठे हे आजन्म ब्रह्मचारी विद्वान प्राज्ञपाठशाळेत वेदान्त आणि इतर शास्त्रे शिकवत. हेच पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले आणि ‘धर्मकोश’, ‘मीमांसाकोश’ यांसारखी प्रचंड कामे त्यांनी उभी केली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचेच शिष्य. असा गुरू जवळ असताना शिकायचे राहून जावे, हे विनोबांना पटेना. १९१७ च्या सुरुवातीला गांधीजींची परवानगी घेऊन ते निघाले.

आरंभीचा बेत दोनतीन महिन्यांचा होता. पण अभ्यासाची गोडी अशी लागली की मुक्काम वाढत गेला. येथेच खरा धोका होता. पैशाचा आणि मानाचा मोह साधकाला लवकर ओळखू येतो, कारण तो उघड असतो. ज्ञानाचा मोह मात्र साधनेचाच वेष घेऊन येतो. चांगला गुरू, चांगले ग्रंथ, शांत नदीकाठ, मग सेवेच्या त्या कष्टांकडे परत कशाला जायचे, असे मन हळूच विचारू लागते. विनोबांनी यावर उपाय केला तो असा की आश्रमच आपल्याबरोबर वाईला नेला.

वर्षभरात त्यांनी उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती आणि पातंजल योगदर्शन एवढ्यांचे अध्ययन केले. न्यायसूत्रे, वैशेषिकसूत्रे आणि याज्ञवल्क्यस्मृती हे ग्रंथही वाचले. या पायावर पुढचे वाचन आपल्या आपण करता येईल, असा भरवसा त्यांना आला.

देहाची मशागत

अभ्यासाच्या नादात देहाची आबाळ होऊ दिली नाही. सुरुवातीला रोज दहाबारा मैल चालणे, नंतर रोज सहा ते आठ शेर धान्य दळणे, आणि वर्षाच्या शेवटी रोज ३०० सूर्यनमस्कार आणि त्याशिवाय चालणे असा क्रम होता. प्रकृती सुधारली.

जेवणाचे प्रयोगही चालू होते. पहिले सहा महिने मीठ घेतले, नंतर सोडले. मसाले तर पूर्णच सोडले. महिनाभर केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिले. त्याने शक्ती कमी होते असे दिसल्यावर हट्ट न धरता तो प्रयोग थांबवला. शेवटी ६० तोळे दूध, २० तोळे जोंधळ्याच्या दोन भाकरी, चारपाच केळी आणि मिळाल्यास एक लिंबू, असा आहार ठरला. तोळ्यातोळ्याचा हा हिशेब वाचताना वडिलांची शिस्त आठवते. जिभेच्या चवीसाठी काही खायचे नाही, हे आश्रमाचे अस्वादव्रत वाईतही तसेच चालू होते.

सामानही असेच मोजके. लाकडी थाळी, एक वाटी, आश्रमातला एक लोटा, धोतर, कांबळे आणि पुस्तके. सदरा, कोट, टोपी वापरायची नाही, धोतरच अंगावर घ्यायचे, आणि तेही हातमागाचे. परदेशी वस्तू वापरण्याचा प्रश्नच नव्हता.

शिकता शिकता शिकवणे

विनोबांनी मिळालेली विद्या साठवून ठेवली नाही. सकाळी जे शिकले ते इतरांना द्यायचे, असाच जणू नेम होता. सहा विद्यार्थ्यांना त्यांनी सबंध गीता अर्थासह शिकवली, तीही विनामूल्य. चौघांना ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय, दोघांना नऊ उपनिषदे, दोघांना इंग्रजी. हिंदी त्यांना स्वतःलाच फारशी येत नव्हती. तरी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते रोज हिंदी वर्तमानपत्रे वाचत. न येणारी गोष्टही सोबत्यांसह शिकता येते, शिकवण्यासाठी पंडित होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे त्यातून दिसते.

वाईत त्यांनी विद्यार्थी मंडळ स्थापले आणि वाचनालय सुरू केले. त्यासाठी पैसा कोठून आणायचा? वर्गणी मागण्याऐवजी जाते मांडले. विनोबा आणि १५ विद्यार्थी मिळून लोकांचे धान्य दळून देऊ लागले. दर होता दोन शेरांना एक पैसा. दळणाची सारी मिळकत वाचनालयाला. त्या काळच्या वाईसारख्या जुन्या वळणाच्या गावात हायस्कुलात जाणारी ब्राह्मणांची, त्यातही काही सुखवस्तू घरांतली मुले जात्यावर बसतात, हे लोकांना वेडेपणाचे वाटले. तरी दोन महिने हा वर्ग चालला आणि वाचनालयात ४०० पुस्तके जमली.

जात्याच्या या पैशाने पुस्तकेच आली असे नाही. वेदान्तात सर्व भूतांमध्ये एकच आत्मा आहे असे शिकायचे आणि दळणकांडण मात्र घरातल्या बायकांचे किंवा मजुरांचे समजायचे, ही विसंगती त्या पंधरा मुलांपुरती तरी जात्याखाली भरडली गेली. ब्रह्मसूत्राचा पाठ आणि जात्याचा खुंटा एकाच दिवसात, एकाच हातात होते.

पायी पाहिलेला महाराष्ट्र

या वर्षात विनोबांनी महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल, म्हणजे जवळजवळ ६४० किलोमीटर पायी प्रवास केला. रायगड, सिंहगड, तोरणा असे इतिहासप्रसिद्ध गड पाहिले. स्वराज्याच्या आरंभीच्या काळात हाती आलेला तोरणा, तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानाचा सिंहगड, आणि १६७४ मध्ये जेथे राज्याभिषेक झाला व जेथे शिवछत्रपतींची समाधी आहे तो रायगड. अहिंसेची दीक्षा घेतलेला तरुण तलवारीच्या पराक्रमाची ही ठिकाणे पाहायला आवर्जून जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शस्त्राचा मार्ग आपला नव्हे, हे त्याने ठरवले होते. पण ज्या मातीत माणसांनी ध्येयासाठी प्राण वेचले, तिच्याविषयीचा आदर सोडला नव्हता.

विनोबांचे हे देशाटन नुसते पाहणे नव्हते. आपल्याकडे देवळात जाण्याला आणि मोठ्या माणसाला भेटण्याला जो शब्द आहे, तोच याला लावावा : दर्शन. वाटेत मुक्काम पडे तेथे ते लोकांना गीतेवर प्रवचन देत. वर्षाच्या शेवटापर्यंत अशी सुमारे ५० प्रवचने झाली. तेविसाव्या वर्षात असलेला एक मुलगा गावकऱ्यांपुढे बसून पाठशाळेत जे ऐकले ते त्यांच्या भाषेत सांगत होता. पंडितांच्या सभेत चालणारी भाषा येथे उपयोगाची नव्हती. शेतकऱ्याला, बलुतेदाराला कळेल असे बोलावे लागे. पुढे ‘गीता प्रवचने’ मध्ये जी सोपी, घरगुती दृष्टान्तांची भाषा आपल्याला भेटते, तिचा सराव या चालण्यात झाला असे मानायला हरकत नाही.

हिशेब आणि परतणे

रजा संपत आली तेव्हा, १९१८ च्या फेब्रुवारीत, विनोबांनी गांधीजींना सविस्तर पत्र लिहिले. काय शिकलो, काय शिकवले, किती चाललो, किती तोळे खाल्ले, कोणती व्रते कशी पाळली, सारे क्रमवार मांडले. वर उल्लेखलेल्या बहुतेक आकड्यांचा आधार तेच पत्र आहे. त्यात बढाई नाही. वर्षभर दूर राहिलेल्या मुलाने वडिलांना दिलेला तो जमाखर्च आहे. आपण दिसत नव्हतो तरी आश्रमातच होतो, एवढेच त्याला सांगायचे होते.

पत्र वाचून गांधीजी भारावले. शिष्याने गुरूलाही मागे टाकले, गोरखनाथाने मच्छिंद्रनाथाला जिंकले, अशा आशयाचे त्यांचे उद्गार महादेवभाईंच्या दैनंदिनीत नोंदलेले आहेत. उत्तरात त्यांनी विनोबांचे पितृत्व स्वीकारले, आणि पुत्र आपल्यापेक्षा पुढे जाण्यातच पित्याचे सार्थक असते, असे कळवले.

वाईहून मुंबईपर्यंत चालत आणि तेथून गाडीने, असा परतीचा बेत होता. निघताना सांगितले होते त्याप्रमाणे बरोबर एक वर्ष पूर्ण होताच विनोबा हजर झाले. कोचरबचा आश्रम दरम्यान साबरमतीच्या काठी हलला होता. गांधीजींच्या तर एका वर्षाची मुदत ध्यानातही नव्हती. हे सत्याचे पालन होय, असे गांधीजींनी म्हटले, तेव्हा विनोबांनी ते श्रेय आपल्या गणितप्रेमाला दिले. आणि गणित तरी सत्याला सोडून कोठे जाणार, असे गांधीजींनी त्यावर सुचवले.

त्या वर्षाचे फळ

त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि २४ ऑक्टोबर १९१८ रोजी आई गेली. तिने मागितलेली गीता तिच्या हाती देता आली नाही. ते ऋण विनोबांनी बारा वर्षांनी फेडले. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरू करून ६ फेब्रुवारी १९३१ ला त्यांनी ‘गीताई’ पूर्ण केली. शब्द शास्त्राला धरून आणि भाषा आईला कळेल अशी. शास्त्र वाईत पारखून घेतले होते, भाषा गावोगावी घासली गेली होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. वाटेवरच्या त्या पन्नास प्रवचनांचीच ही पुढची पायरी.

ते ४०० मैलही वाया गेले नाहीत. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले, आणि त्यानंतर तेरा वर्षे विनोबा देशभर चालत राहिले. या कामाच्या ओघात बोधगयेपासून बंगळूरपर्यंत देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत आश्रम उभे राहिले. पवनारचे ब्रह्मविद्यामंदिर १९५९ मध्ये स्थापन झाले तो दिवस होता २५ मार्च, म्हणजे त्यांच्या गृहत्यागाचाच दिवस.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी घरापासून आणि आपल्या केंद्रापासून दूर, नव्या शहरात राहतात. तेथे सामूहिक प्रार्थना नसते, वडीलधाऱ्यांची नजर नसते. नियम सैल होतात आणि परत गेल्यावर पुन्हा सुरू करू, असे आपण मनाला समजावतो. विनोबांच्या या एका वर्षाकडे पाहिले की वाटते, साधनेला रजा नसते, बदलते ते फक्त ठिकाण. नवी विद्या शिकावी, नवा मुलूख डोळे भरून पाहावा. मात्र आजच्या दिवसात काय शिकलो, त्यातले कोणाला दिले, हातांनी कोणते काम केले आणि ठरवलेला नियम पाळला का, या चार ओळींचा जमाखर्च झोपण्यापूर्वी स्वतःपाशी मांडावा. तो कोणी तपासणार नाही. विनोबांचाही वर्षभर कोणी तपासला नव्हता.